रक्तदाब, चेतासंस्था आणि व्यायाम : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

ठाण्यात महापालिका मुख्यालयासमोरच्या कचराळी तलावाला सकाळी सहा वाजता फेऱ्या मारणाऱ्यांमध्ये बीपीची गोळी घेणारे बरेच असतात. आमच्या इमारतीतले एक काका त्यांपैकीच. डॉक्टरांनी बजावले म्हणून त्यांनी चालायला सुरुवात केली, पहिल्याच दिवशी घाईघाईने फेऱ्या मारून घरी आले, घामाने भिजलेल्या सदऱ्यावरूनच दंडाला पट्टा गुंडाळला आणि यंत्रावरचा १६२ हा आकडा पाहून हबकले. दुसऱ्या दिवसापासून चालणे बंद. जिन्यात गाठून ते मला म्हणाले, "ताई, चालल्यावर बीपी वाढतं की हो माझं!"

काकांनी पाहिले ते खोटे नव्हते. व्यायाम करताना रक्तदाब वाढतोच, वाढायलाच हवा, आणि तो वाढवण्याचे काम शरीरातील चेतासंस्था जाणूनबुजून करते. मी अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले आणि गेली काही वर्षे मी स्वतःही सकाळची एक गोळी घेते, त्यामुळे या विषयाच्या दोन्ही बाजू मला परिचयाच्या आहेत. व्यायाम सुरू करणाऱ्याला दाब कोण आणि कसा सांभाळतो याची थोडीशी जरी कल्पना असली, तरी कोणत्या आकड्याला घाबरायचे, कोणत्याला नाही आणि कुठे थांबायचे हे त्याचे त्याला कळू लागते. म्हणून पायऱ्यांकडे वळण्याआधी थोडे यंत्रणेविषयी.

दाब सांभाळणारी यंत्रणा

जबड्याच्या कोनाखाली, गळ्याच्या दोन्ही बाजूंना, कॅरोटिड रोहिणी जिथे दुभंगते तिथे तिच्या भिंतीत, आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीच्या कमानीत, ताण ओळखणारी चेतातंतूंची टोके असतात. त्यांना दाबग्राही म्हणतात. दाब वाढून रोहिणीची भिंत ताणली गेली की या टोकांकडून निघणारे संदेश वाढतात आणि नवव्या व दहाव्या मस्तिष्क चेतांमार्फत मेंदूच्या देठातील लंबमज्जेत पोहोचतात. तिथून दोन हुकूम सुटतात. व्हेगस या परानुकंपी, म्हणजे शरीराला शांत करणाऱ्या, चेतेला हृदयाची गती कमी करण्याचा हुकूम मिळतो आणि अनुकंपी, म्हणजे शरीराला कामासाठी सज्ज करणाऱ्या, चेतातंतूंना रक्तवाहिन्यांवरची पकड सैल करण्याचा. दाब पडला तर सगळे उलट घडते. व्हेगसचे काम एक-दोन ठोक्यांत दिसते. अनुकंपी तंतूंचा रक्तवाहिन्यांवरील परिणाम दिसायला काही सेकंद लागतात. आपण बिछान्यातून उठून उभे राहतो तेव्हा सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांकडे आणि पोटाकडे उतरते, तरीही सहसा भोवळ येत नाही, ती याच प्रतिक्षिप्त क्रियेमुळे.

व्यायामात हीच यंत्रणा वेगळ्या पातळीवर चालते. सोसायटीच्या गच्चीवरील टाकीत बॉल कॉक असतो; पाणी ठरावीक पातळीला आले की तो पाणी बंद करतो. प्लंबरने त्याची दांडी थोडी वर वाकवली, तर बॉल कॉक पूर्वीइतकाच चोख काम करतो, पण टाकी अधिक भरू देतो. चालायला लागल्यावर लंबमज्जेत अगदी असेच घडते. दाबग्राहींची क्रिया बंद पडत नाही. ज्या दाबाला ती 'बरोबर' मानते तो दाब वर सरकतो, कारण स्नायूंना रक्त जास्त हवे असते.

ही दांडी वाकवणारे मुख्यतः दोघे असतात. पहिला म्हणजे मेंदूचा वरचा भाग. हालचाल करायची असे ठरताच तो लंबमज्जेलाही तशी सूचना देतो, आणि त्यामुळे स्नायूंनी रक्त मागण्याआधीच हृदयाची गती वाढते. ठाणे स्थानकाच्या पुलावर असताना आपली फास्ट लोकल येत असल्याची उद्घोषणा ऐकू येते आणि पाऊल उचलण्यापूर्वीच छातीत धडधड सुरू होते, ती काहीशी याच जातीची. कोपनहेगनमधील क्रोग आणि लिंडहार्ड यांनी व्यायामाच्या पहिल्याच क्षणी नाडी आणि श्वास वाढतात हे १९१३ मध्ये मोजून दाखवले होते.

दुसरा म्हणजे खुद्द स्नायू. स्नायूंत बारीक संवेदी तंतू असतात. काही ताण आणि हालचाल ओळखतात, तर काही काम करताना साठणारी रासायनिक द्रव्ये ओळखतात. १९३७ मध्ये आलम आणि स्मर्क या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. काम करणाऱ्या अवयवाला पट्टा आवळून त्यांनी तिथले रक्त अडकवून ठेवले आणि मग काम थांबवायला सांगितले. काम थांबले तरी दाब पूर्ण खाली आला नाही. पट्टा सोडून ती द्रव्ये वाहून गेल्यावरच तो उतरला. स्नायू चेतासंस्थेकडे तक्रार करत राहतो आणि ती तक्रार दाब वाढवते, हे यातून कळले. मूठ, पकड आणि वजन यांच्याविषयी पुढे जे लिहिले आहे, ते समजायला हा प्रयोग उपयोगी पडतो.

व्यायाम थांबल्यावर काही मिनिटांत दाब उतरतो आणि पुष्कळदा मूळ पातळीच्याही खाली जातो. दाबग्राहींची पातळी या वेळी खाली सरकलेली असते, अनुकंपी संदेश कमी झालेले असतात, आणि काम केलेल्या स्नायूंत सुटलेल्या हिस्टामिन या द्रव्यामुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या राहतात. ही उतरण कित्येक तास टिकते. बीपी जास्त असणाऱ्यांत ती अधिक ठळक असते आणि काहींमध्ये जवळजवळ दिवसभर राहते. काकांनी यंत्र लावले ते चढणीवर. दोन तासांनी लावले असते तर चालणे बंद झाले नसते.

पहिली पायरी : मोजमाप नीट शिकणे

निदान एक आठवडा काहीही सुरू न करता फक्त मोजावे, असे माझे मत आहे, आणि उत्साही मंडळींना ते मुळीच आवडत नाही. पण सुरुवातीचा आकडा ठाऊक नसेल तर दोन महिन्यांनी तुलना कशाशी करणार?

मनगटाऐवजी दंडाला पट्टा बांधायचे यंत्र घ्यावे आणि पट्टा आपल्या दंडाच्या घेराला बसणारा आहे याची खात्री करावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटा वाढतो. मोजण्यापूर्वीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू, सिगारेट किंवा व्यायाम नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडीवर मांडी न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला असावा आणि पट्टा उघड्या दंडावर. गप्प बसणे याचा अर्थ फोनवर बोलणेही नाही, कारण बोलण्यानेसुद्धा आकडा चढतो. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. सकाळी गोळी आणि न्याहारीच्या आधी, आणि संध्याकाळी, असे सात दिवस करून आकडे वहीत लिहावेत आणि पहिला दिवस सोडून उरलेल्यांची सरासरी काढावी. घरी काढलेली सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर ती जास्त समजली जाते. दवाखान्यात हीच रेषा सामान्यतः १४०/९० धरली जाते.

त्याच आठवड्यात एकदा उभे राहूनही मोजावे. बसून मोजल्यावर उठावे आणि एका मिनिटाने व तीन मिनिटांनी पुन्हा मोजावे. वरचा आकडा २० किंवा खालचा आकडा १० ने पडत असेल, तर दाब सावरणारी क्रिया कुठेतरी कमी पडते आहे असे समजून व्यायामाआधी डॉक्टरांना सांगावे. दीर्घकाळ मधुमेह असलेल्यांनी ही तपासणी टाळू नये. मधुमेहात हृदयाकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जाणारे स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना काम करणारे, चेतातंतूही खराब होऊ शकतात, आणि मग शांत बसले असतानाही नाडी जलद राहते, चालल्यावर हवी तशी वाढत नाही आणि उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते.

नाडी मोजायची ती मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला. गळ्यावर बोटे दाबून नाडी पाहण्याची सवय टीव्हीने लावली आहे, परंतु दाबग्राही नेमके तिथेच बसलेले असतात. बाहेरून दाबले तरी त्यांना वाटते की रक्तदाब वाढला आहे, आणि ते हृदयाची गती कमी करायला लावतात. वयस्कर माणसाला त्याने गरगरू शकते.

दुसरी पायरी : डॉक्टर आणि गोळ्या

बसलेल्या अवस्थेत दाब १८०/११० किंवा त्याहून वर असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही, आधी डॉक्टर. छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, पूर्वी हृदयाचा त्रास किंवा पक्षाघात होऊन गेलेला असणे, यांपैकी काहीही असेल तर सुरुवात डॉक्टरांच्या परवानगीनेच करावी.

आपली गोळी चेतासंस्थेच्या साखळीत कुठे बसते, हेही त्यांना विचारून घ्यावे. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखे बीटा ब्लॉकर अनुकंपी संदेश हृदयापर्यंत पूर्ण पोहोचू देत नाहीत. त्यामुळे कितीही जोरात चालले तरी नाडी एका मर्यादेपुढे जात नाही, आणि २२० मधून वय वजा करून काढलेले ठोके गाठायला गेलेला माणूस उगाच दमतो. मनगटावरच्या घड्याळाने "अजून वेग वाढवा" म्हटले तरी अशांनी ते ऐकू नये. लघवी वाढवणारी गोळी असेल तर मे महिन्याच्या घामात शरीरातले पाणी लवकर घटते. प्रोस्टेटसाठी दिली जाणारी टॅम्सुलोसिनसारखी औषधे रक्तवाहिन्यांवरची पकड थोडी सैल करतात, म्हणून वाकून झटकन उठणे टाळावे. आणि आकडे चांगले येऊ लागले म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे हा आपल्याकडचा आवडता अपघात आहे. काही गोळ्या एकदम सोडल्यास दाब उसळतो.

तिसरी पायरी : चालण्याआधीची दहा मिनिटे

शांत बसलेल्या अवस्थेत हृदयावर व्हेगसचा ब्रेक असतो. चेतातंतूंचा संबंध तोडला तर तरुण माणसाचे हृदय स्वतःच्या लयीने मिनिटाला साधारण शंभर ठोके देईल. आपल्याला सत्तर मोजता येतात ते या ब्रेकमुळे. चालायला लागल्यावर आधी हा ब्रेक सुटतो, आणि त्यानंतर अनुकंपी चेतासंस्था गती देऊ लागते. घरातून निघून थेट धावत सुटले, तर स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावण्यापूर्वीच हृदय आणि दाब दोन्ही वर जातात. म्हणून पहिली दहा मिनिटे रेंगाळत चालावे, जणू दूध आणायला निघालो आहोत. मासुंदा तलावाजवळ, म्हणजे तलावपाळीला, राहणाऱ्यांनी पहिली फेरी अशीच संथ घालावी. हातांची मोकळी हालचाल करावी, परंतु हातात फोन किंवा पाण्याची भरलेली बाटली घट्ट पकडून चालू नये. त्याचे कारण सातव्या पायरीत येईल.

चौथी पायरी : मुख्य चालणे

किती वेगाने चालायचे, याचे सर्वांत भरवशाचे माप म्हणजे बोलणे. शेजारच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता यावे, परंतु गाणे म्हणता येऊ नये. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांनाही हे माप चालते.

पहिल्या आठवड्यात पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवत तीस ते चाळीस मिनिटांवर यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे, तो हाच. एका दमात जमत नसेल तर सकाळ-संध्याकाळ विभागून चालते. रविवारी एकदम दोन तास येऊरचा डोंगर चढून बाकीचे सहा दिवस खुर्चीत बसणाऱ्यांचा एक वर्ग ठाण्यात आहे, आणि त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण वर सांगितलेली दाबाची उतरण एखाद्या दिवसात संपते, म्हणून ती पुन्हा पुन्हा मिळवावी लागते.

उपवन तलावाच्या काठाने सपाट रस्त्यावर चालणे आणि तिथून येऊरचा चढ चढणे, यांत शरीराच्या दृष्टीने फार अंतर आहे. सपाटीवर नियमित लयीने चालताना वरचा आकडा वाढतो, पण खालचा आकडा फारसा हलत नाही किंवा किंचित उतरतो, कारण पायांतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. चढावर काम वाढते, वरचा आकडा आणखी चढतो, आणि दम लागला की माणूस नकळत श्वास रोखू लागतो. पहिले दोन महिने सपाटीवरच काढावेत. त्यानंतर चढ घ्यावा तोही पावले लहान करून.

ऋतूचाही विचार हवा. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात सकाळी आठ वाजताच अंगातून धारा लागतात. अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामातून पाणी जाते, आणि अनुकंपी चेतासंस्थेला स्नायू आणि त्वचा अशी दोन तोंडे एकाच वेळी सांभाळावी लागतात. अशा दिवसांत सातच्या आत चालणे उरकावे आणि वेग कमी ठेवावा. पावसाळ्यात पार्किंगमध्ये किंवा लांब व्हरांड्यात चालले तरी काही बिघडत नाही. लोक हसतात, हसू द्यावे.

पाचवी पायरी : थांबणे

बहुतेक नवखे इथेच चुकतात, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. चालताना पोटऱ्यांचे स्नायू आवळतात आणि सैल होतात, आणि दर वेळी नीलांतले रक्त वर ढकलतात. माणूस अचानक थांबला की हा पंप बंद पडतो. पायांतल्या रक्तवाहिन्या मात्र अजून रुंदच असतात. रक्त खाली साठते, हृदयाकडे कमी येते, दाब घसरतो. दाबग्राही तो सावरू पाहतात, पण नुकतीच त्यांची पातळी खाली सरकलेली असते.

काकांनी पुन्हा चालायला सुरुवात केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कचराळीलाच हा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर घडला. शेवटची फेरी जोरात मारून ते कोणाशी तरी बोलायला जागीच उभे राहिले. बोलता बोलता त्यांचा चेहरा पांढुरका पडला, वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब दिसू लागले, आणि त्यांनी कठड्याला हात लावला. आम्ही त्यांना बाकावर बसवू पाहत होतो, पण एका चुणचुणीत मुलीने त्यांना सरळ जमिनीवर आडवे केले आणि त्यांचे पाय आपल्या पाठपिशवीवर उचलून ठेवले. तिचेच बरोबर होते. दोन मिनिटांत रंग परतला. त्या दिवसापासून काका शेवटची फेरी इतकी हळू घालतात, की लहान मुलेही त्यांना मागे टाकतात.

शेवटची सात-आठ मिनिटे वेग उतरवत न्यावा. त्यानंतरही दोन मिनिटे उभ्या उभ्या टाचा उचलाव्यात. गरम पाण्याने लगेच आंघोळ करू नये. तिने त्वचेतल्या वाहिन्या आणखी रुंदावतात. भोवळ आलीच तर आडवे व्हावे, बसू नये.

या टप्प्यावर एक छोटी नोंदही करता येते. वेगाने चालून झाल्यावर वेग कमी करताना लगेच पंधरा सेकंद नाडी मोजावी आणि एक मिनिटाने पुन्हा मोजावी. आधी व्हेगस परततो, आणि तो किती चटकन परततो यावर ठोके किती घटतात ते अवलंबून असते. ट्रेडमिल चाचणीत पहिल्या मिनिटात १२ पेक्षा कमी ठोके घटणे चांगले मानत नाहीत, परंतु तलावाकाठच्या अंदाजी मोजमापावरून असे निदान करू नये. आपलाच आकडा महिन्यामहिन्याला सुधारतो का, एवढेच पाहावे.

सहावी पायरी : श्वास

हाताची नाडी धरून सावकाश श्वास घेतला तर आत घेताना ठोके किंचित जलद आणि सोडताना किंचित संथ होताना जाणवतात. तरुणांत हे अधिक स्पष्ट असते. तो व्हेगसचाच खेळ आहे. मिनिटाला सहा श्वास, म्हणजे पाच सेकंद आत आणि पाच सेकंद बाहेर, अशा लयीत दाबग्राहींची क्रिया अधिक संवेदनशील होते, असे प्रयोगांत दिसले आहे. चालून आल्यावर पाच मिनिटे असा श्वास घ्यावा. प्राणायाम करणाऱ्यांनी बीपी ताब्यात येईपर्यंत कुंभक आणि जोरकस भस्त्रिका बाजूला ठेवावी.

सातवी पायरी : पकड, वजन आणि भिंत

जांभळी नाक्यावरून भाजीच्या दोन भरलेल्या पिशव्या घेऊन तीन मजले चढणे, हे नुसते तीन मजले चढण्यापेक्षा दाबाला किती तरी जड जाते. मूठ सतत आवळलेली असते, त्यामुळे हाताच्या स्नायूंतले रक्त दाबले जाते, द्रव्ये साठतात, आणि आलम-स्मर्क यांनी पाहिलेली तक्रार सुरू होते. अशा स्थिर पकडीत वरचा आकडा चढतोच, शिवाय खालचाही चढतो. दर मजल्यावर पिशव्या खाली ठेवून बोटे उघडावीत.

वजन उचलताना श्वास कोंडणे त्याहून वाईट. गॅसचा सिलिंडर किंवा पाण्याने भरलेला पिंप हलवताना आपण दात आवळतो, घसा बंद करतो आणि जोर लावतो. छातीतला दाब रोहिण्यांतल्या दाबात मिळतो. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅकडूगल यांच्या अभ्यासात पाच शरीरसौष्ठवपटूंच्या रोहिणीत नळी घालून दाब मोजला होता. दोन्ही पायांनी वजन ढकलताना सरासरी ३२०/२५० इतका दाब आला. ते कसलेले तरुण होते. नवख्याने हलकी वजने घ्यावीत, जोर लावताना श्वास सोडावा, आणि मोठ्याने आकडे मोजावेत. मोजणाऱ्याला श्वास कोंडता येत नाही. शौचाला कुंथण्याची सवय असणाऱ्यांनाही हाच नियम लागू आहे, पण तो विषय इथेच सोडते.

आता गंमत अशी, की हीच स्थिर पकड मोजून-मापून केली तर आठवड्यांनंतर बसलेल्या अवस्थेतला दाब उतरवते. २०२३ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमध्ये २७० चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले; त्यात स्थिर आकुंचनाच्या, म्हणजे हालचाल न करता स्नायू आवळून धरण्याच्या, व्यायामाने वरचा आकडा सरासरी ८ आणि खालचा ४ ने घटला होता, तर चालणे-धावणे यांसारख्या व्यायामाने सुमारे साडेचार आणि अडीचने. याचा अर्थ चालणे सोडून भिंतीला टेकून बसावे असा नाही, कारण चालण्याचे फायदे दाबापुरते नसतात. पण सहा-आठ आठवडे चालणे झाल्यावर, आणि घरची सरासरी ताब्यात असल्यास डॉक्टरांना विचारून, आठवड्यातून तीन दिवस स्थिर आकुंचनाचा व्यायाम जोडता येतो.

भिंतीला पाठ टेकवावी, पाय दीड-दोन फूट पुढे ठेवावेत आणि खुर्चीत बसल्यासारखे खाली घसरावे. सुरुवातीला गुडघे थोडेच वाकवावेत आणि तीस सेकंद धरावे; मग दोन मिनिटे विश्रांती; असे चार वेळा. हळूहळू धरण्याचा वेळ दोन मिनिटांवर न्यावा. गुडघे दुखत असतील तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून एका हाताने, पूर्ण ताकदीच्या साधारण एक-तृतीयांश जोराने, दोन मिनिटे दाबावी. मध्ये एक मिनिट विश्रांती घेऊन हेही चार वेळा करावे. मी स्वतः हे दूरदर्शनच्या बातम्या बघत करते. पहिल्या मिनिटात काहीच वाटत नाही. दुसऱ्या मिनिटात मनगटाच्या वर जळजळ सुरू होते आणि श्वास आपोआप अडकू लागतो. नेमके तेव्हाच तो सोडत राहायचे असते.

आठवी पायरी : वाट पाहणे आणि वही

रोजच्या उतरणीपलीकडचा, टिकाऊ बदल यायला आठ ते बारा आठवडे लागतात. या काळात चेतासंस्थेत काय होते हे पाहण्याची एक पद्धत १९६० च्या दशकात स्वीडनमधील उप्साला इथे विकसित झाली. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला त्वचेजवळून जाणाऱ्या चेतेत केसासारखी बारीक सुई घालून अनुकंपी संदेशांचे झटके प्रत्यक्ष नोंदवता येतात. बीपी जास्त असणाऱ्या अनेकांत हे झटके नेहमीपेक्षा जास्त आढळतात. ब्राझीलमधील संशोधकांनी औषध न घेतलेल्या अशाच रुग्णांना चार महिने व्यायाम दिला. २००७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले, की झटके कमी झाले आणि दाबग्राहींची क्रिया निरोगी माणसांच्या पातळीला आली. वर्षानुवर्षे वाढलेल्या दाबात बॉल कॉकची दांडी कायमची वर वाकलेली असते आणि दाबग्राही त्याविरुद्ध कुरकुरतही नाहीत. व्यायाम ती दांडी थोडी खाली आणतो. ती किती खाली येईल हे माणसामाणसावर अवलंबून असते, आणि काहींच्या आकड्यात फारसा फरक पडत नाही हेही खरे.

म्हणून वहीत आठवड्याला दोनच दिवस, पहिल्या पायरीत सांगितलेल्या पद्धतीने, आकडे लिहावेत. रोज सहा वेळा यंत्र लावणाऱ्याला यंत्राचीच धास्ती बसते. सकाळची नाडीही लिहावी. तीन महिन्यांनी ती चार-सहा ठोक्यांनी कमी झालेली दिसली, तर व्हेगसचा ब्रेक सुधारला असे समजायला हरकत नाही, अर्थात मधल्या काळात गोळी बदललेली नसेल तर. उठताना गरगरू लागले किंवा वरचा आकडा वारंवार ११० च्या खाली दिसू लागला, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. गोळीचा डोस बदलण्याची वेळ आलेली असू शकते.

चालताना छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, बोलताना जीभ अडखळणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही झाले तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. रिक्षा शोधत बसू नये.

गणपतीत, लग्नसराईत किंवा आजारपणात चालणे सुटतेच. दोन-चार आठवड्यांच्या खंडात मिळवलेला फरक ओसरू लागतो, आणि परत येणारा माणूस सोडला त्याच वेगाने सुरुवात करायला जातो. आठवड्याच्या खंडानंतर वेळ निम्मा करावा. महिन्याच्या खंडानंतर पुन्हा पंधरा मिनिटांपासून, संथ पहिल्या फेरीसह. ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर आणखी काही दिवस जाऊ द्यावेत, आणि पहिल्या सकाळी घराबाहेर पडण्यापूर्वी उभे राहून एकदा दाब मोजून पाहावा.